उत्तर न देणारा कारभारी

घर एके गावी आणि घराचा मालक दुसऱ्या गावी, ही स्थिती पूर्वी थोड्या सधन लोकांच्याच वाट्यास येत असे. आता ती साध्या कुटुंबांतही दिसू लागली आहे. कोणी नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास जाऊन राहिला, कोणाची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली, कोणी म्हातारपणी मुलाबरोबर परदेशी गेला. आणि मागे तालुक्याच्या गावी बापाने कष्टाने बांधलेल्या चार खोल्या राहिल्या. त्या बंद ठेवाव्यात तर वाळवी लागते व कुलूप गंजते. विकाव्यात तर मन होत नाही. म्हणून त्या भाड्याने दिल्या जातात. आणि भाडे गोळा करणे, डागडुजी पाहणे, घरपट्टी भरणे ही कामे गावातील कोणा एकाच्या हाती सोपविली जातात. हा मनुष्य कधी चुलतभाऊ असतो, कधी शेजारी, कधी टक्केवारीवर हेच काम करणारा व्यावसायिक. ह्या लेखात त्यास आम्ही कारभारी म्हणू.

पहिले वर्ष बहुधा नीट जाते. भाडे महिन्याच्या महिन्यास पोहोचते, सोबत खुशालीचा निरोप येतो. पुढे निरोप येईनासा होतो. मग भाडे मागेपुढे होऊ लागते; दोन महिने काहीच येत नाही, आणि तिसऱ्या महिन्यास येते ते काही रक्कम कापून येते. का कापली ते लिहिलेले नसते. मालक पत्र पाठवितो, उत्तर नाही. दूरध्वनी करतो, तो वाजून वाजून बंद पडतो. मोबाईलवर मजकूर पाठवितो. तो वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात, पण त्यांच्या खाली एक अक्षरही येत नाही. शेवटी एके दिवशी भाडेकरूच कोठून तरी मालकाचा पत्ता काढून कळवितो, की छप्पर दोन पावसाळे गळत आहे, भिंतीस ओल आली आहे, आणि कारभाऱ्यास सांगून सांगून आपण थकलो.

अशा वेळी न्यायाने वागू इच्छिणाऱ्या मनुष्याने काय करावे? हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो, परंतु त्याच्या पोटात नीतीचे दोन मोठे प्रश्न आहेत. काम दुसऱ्याच्या हाती दिल्याने त्याची जबाबदारीही दिली जाते काय, हा पहिला. आणि ज्यावर विश्वास टाकला त्याच्याकडे हिशेब मागणे हे प्रेमास व विश्वासास सोडून आहे काय, हा दुसरा. ह्या दोहोंचा विचार वाचकांनी आमच्याबरोबर शांतपणे करावा, अशी विनंती आहे. कारण आमच्या वाचकांत घरमालक थोडे असतील. पण कोणाचे तरी घर, शेत, रक्कम किंवा किल्ली सांभाळणारे पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्याच्या छपराखाली भाडे देऊन राहणारेही पुष्कळ आहेत.

आता पहिला प्रश्न घेऊ. बहुतेक मालकांचे म्हणणे असे असते : ‘मी त्यास पैसे देतो, घर त्याच्या स्वाधीन केले आहे, गळत असेल तर तो दोष त्याचा. मी तीनशे मैलांवर बसून काय करणार?’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. कारभारी दोषी आहे ह्यात शंका नाही. परंतु भाडेकरूने करार कोणाशी केला? त्याने दिलेले भाडे अखेर कोणाच्या घरी जाते? छप्पर कोणाच्या मालकीचे आहे? ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते कारभाऱ्याचे नाव नव्हे. जो मनुष्य दूर राहूनही भाडे घेऊ शकतो, त्याने गळतीही दूर राहून आपलीच मानली पाहिजे. लाभ येण्यास वाट आहे आणि तक्रार येण्यास नाही, असे घर न्यायाचे घर नव्हे.

कायदाही ह्याच दिशेने बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ जेथे लागू आहे तेथे कलम १४ अन्वये जागा राहण्याजोगी ठेवण्याचे कर्तव्य घरमालकाचे आहे. त्याने ते न केल्यास भाडेकरूने निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी, आणि तरीही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय त्यात आहे; मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘कारभाऱ्याने नोंदणी केली नाही, मला ठाऊकच नव्हते’ ही सबब येथे मालकाच्या फारशी उपयोगी पडत नाही. सारांश, काम सोपविता येते, जबाबदारी सोपविता येत नाही. ती मालकाजवळ राहते, आणि कारभारी नेमल्याने उलट तीत एक भर पडते : नेमलेल्या मनुष्यावर नजर ठेवण्याची.

दूर राहणारा मालक व मध्ये उभा असलेला कारभारी ह्यांमुळे एका देशाचे देश कसे पोळतात, हे आयर्लंडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तेथील अनेक जमीनदार आपल्या जमिनीपासून दूर, कित्येक तर समुद्रापलीकडे इंग्लंडात राहत, आणि खंड वसूल करण्याचे काम मुनीम-कारभाऱ्यांकडे असे. मारिया एजवर्थ ही लेखिका आपल्या वडिलांच्या जमिनीच्या कारभारात स्वतः हात घालीत असे, म्हणून तिला ही स्थिती जवळून ठाऊक होती. तिने १८१२ साली ‘दि ॲब्सेंटी’, म्हणजे दूर राहणारा जमीनदार, ह्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तीत लंडनात राहणाऱ्या एका सरदाराचा मुलगा नाव बदलून आपल्याच वडिलांच्या जमिनी पाहावयास जातो. एका ठिकाणी त्यास चांगला कारभारी आढळतो. त्याच्या हाताखाली कुळे सुखी आहेत, घरे नीटनेटकी आहेत. दुसऱ्या ठिकाणी दोघे भाऊ कारभार पाहतात, व तेथे लाच, जुलूम आणि पडकी घरे ह्यांवाचून काही नाही. आता ह्या दोहोंपैकी मालकाने बडतर्फ कोणास करावे? कथेतील मालक चांगल्यास बडतर्फ करतो. कारण तो कुळांस पिळून पैसे लवकर पाठवीत नाही!

ह्या एका प्रसंगात जे शहाणपण आहे ते प्रत्येक घरमालकाने ध्यानात धरावे. दुरून पाहणाऱ्यास घर दिसत नाही, फक्त पैसे दिसतात. आणि ज्यास केवळ पैसे दिसतात तो वाईट कारभाऱ्यास चांगला व चांगल्यास वाईट समजतो. जो कारभारी पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेतो, पन्हळ साफ करवितो, मोरीची फुटलेली नळी बदलतो, त्याच्याकडून त्या महिन्यात कमी रक्कम येते. जो काहीच करीत नाही त्याच्याकडून पुरी येते. मालक पहिल्यावर रागावतो व दुसऱ्याची स्तुती करतो; आणि पाच वर्षांनी भिंत खचली म्हणजे आपल्या दैवास बोल लावतो.

दुसरे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी आहे, जरी त्याचे मूळ थोड्यांस ठाऊक असते. ‘बॉयकॉट’ हा शब्द आपणही मराठीत सर्रास वापरतो. चार्ल्स बॉयकॉट हे एका कारभाऱ्याचे नाव होते. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न ह्यांच्या जमिनीचा तो कारभार पाही. मालक स्वतः तेथून दूर फर्मानाह परगण्यात राहत. १८८० साली पिके बुडाली असता कुळांनी खंडात सूट मागितली. मालकाने देऊ केलेली सूट त्यांस पुरेशी वाटली नाही, आणि कारभाऱ्याने कुळांस काढून लावण्याच्या नोटिसा बजावण्यास आरंभ केला. तेव्हा गावाने त्याच्याशी सर्व व्यवहार बंद केला. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी त्याचे पीक काढण्यास परगण्याबाहेरून सुमारे ५० मजूर आणावे लागले, व त्यांच्या रक्षणास शेकडो शिपाई उभे करावे लागले. बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कित्येक पट झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉयकॉट देश सोडून गेला. खंड जात होता मालकाकडे; पण कुळांस मालक कधी दिसलाच नाही, दिसला तो कारभारी. म्हणून शब्दकोशात नाव गेले ते कारभाऱ्याचे. दूरचा मालक अशा रीतीने आपला दोष दुसऱ्याच्या नावावर चढवितो. आणि तो हे करीत आहे हे बहुधा त्याचे त्यासही कळत नाही.

ह्यावरून असे नव्हे की कारभाऱ्याचा दोष नाहीच. पण त्याचा दोष ठरविण्यापूर्वी तो गप्प का झाला, हे शोधणे न्यायाचे आहे. मौन एकच असले तरी त्याची कारणे अनेक असतात.

काही कारभारी लबाड असतात. भाडे वसूल करून स्वतः वापरतात, आणि उत्तर देण्यासारखे काही नसल्यामुळे उत्तर देत नाहीत. हे उघड आहे. पण ह्याहून अधिक संख्या लाजेने गप्प बसणाऱ्यांची असते, असे आम्हांस वाटते. घरात आजारपण आले, हाती आलेले भाडे औषधाकडे गेले. पुढच्या महिन्यात भरून टाकू असे मनाशी ठरविले. पुढचा महिनाही तसाच गेला. आता दूरध्वनीवर मालकाचे नाव दिसले की छातीत धस्स होते, आणि हात पुढे होत नाही. पहिल्या दिवशी सत्य सांगणे दहा रुपयांचे ओझे होते. सहा महिन्यांनी ते मणाचे झाले.

तिसरा प्रकार कामाखाली दबलेल्यांचा. कारभाऱ्याने अनेकांची घरे घेतलेली असतात. प्रत्येकाकडून मिळणारे थोडे, म्हणून घरे पुष्कळ. घरे पुष्कळ, म्हणून लक्ष थोडे. चौथा प्रकार असा, की त्यास खर्च करण्याचा अधिकारच दिलेला नसतो. छप्पर गळते हे तो जाणतो, पण पाच हजार रुपये लागतील असे मागे एकदा कळविले तेव्हा मालकाने ‘पाहू’ म्हटले व तेथेच विषय संपला. आता भाडेकरूस देण्यास त्याच्याजवळ उत्तर नाही, आणि मालकास पुन्हा विचारण्याची इच्छा नाही. येथे पहिले मौन मालकाचे होते! पाचवा प्रकार नातलगाचा. ‘तू गावातच आहेस, जरा लक्ष ठेव’ असे म्हणून पुतण्याच्या गळ्यात हे काम घातले; मोबदल्याचे नाव काढले नाही, कारण घरच्या माणसास पैसे काय द्यावयाचे? तो वर्षभर मोटारसायकलीचे तेल स्वतःच्या खिशातून घालतो आणि मग कंटाळतो. फुकटचे काम मागणारा मनुष्य फुकटच्या कामाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून मालकाने रागाचे पत्र लिहिण्यापूर्वी स्वतःस चार गोष्टी विचाराव्यात. मी त्यास योग्य मोबदला दिला काय? काय करावयाचे ते स्पष्ट व लेखी सांगितले काय? लहान खर्च न विचारता करण्याची मुभा दिली काय? आणि त्याने विचारले तेव्हा मी वेळेवर उत्तर दिले काय? ह्या चारांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर दोष वाटून घ्यावा लागेल.

आता दुसरा प्रश्न. हिशेब मागणे हे अविश्वासाचे लक्षण आहे काय? आपल्या खेड्यांत ही समजूत फार घट्ट आहे. ‘काका, एवढ्या वर्षांत तुम्ही मला ओळखले नाही? माझ्याकडे पावत्या मागता?’ असे पुतण्या म्हणतो, आणि काका लाजून गप्प बसतात. पण विचार करा. पावती मागणे हे जर अपमान असेल, तर पावती देणे हे काय आहे? प्रामाणिक मनुष्याचे ते संरक्षण आहे. हिशेब नसेल तर चोर व सावकार दोघे सारखेच दिसतात. कोणी चुगली केली म्हणजे प्रामाणिकाजवळ दाखविण्यासारखे काही उरत नाही.

पवित्र शास्त्रात कारभाऱ्यांच्या दोन कथा आमच्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील धनवान मनुष्यास कळले की आपला कारभारी मालमत्ता उधळीत आहे. तेव्हा त्याने त्यास बोलावून हिशेब मागितला. त्याने ऐकीव गोष्टीवर मुकाट्याने शिक्षा केली नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखे केले नाही. समोर बोलावून विचारले. दुसरी कथा उत्पत्तीच्या पुस्तकातील पोटीफराची. त्याने आपले सर्व घर योसेफाच्या हाती दिले व स्वतः कशाचीच विचारपूस ठेविली नाही. योसेफ प्रामाणिक होता म्हणून घराची भरभराट झाली. परंतु योसेफावर खोटा आळ आला तेव्हा त्याच धन्याने संतापून त्यास बंदीत टाकले. त्याने नीट चौकशी केली असे तेथे लिहिलेले नाही. ज्यास चांगल्या दिवसांत विचारपूस करण्याची सवय नव्हती, त्यास वाईट दिवशी ती सुचावी कशी? डोळे मिटून ठेविलेला विश्वास व डोळे मिटून केलेली शिक्षा ह्या एकाच आळसाच्या दोन बाजू आहेत.

आपल्या देशाचा करारविषयक कायदा १८७२ सालचा आहे, आणि कारभाऱ्याची कर्तव्ये त्यात मोठ्या नेमकेपणाने सांगितली आहेत. कलम २११ : मालकाच्या सूचनेप्रमाणे काम करावे, सूचना नसतील तर त्या ठिकाणच्या त्या धंद्याच्या रीतीप्रमाणे. कलम २१२ : वाजवी कौशल्य व काळजी ठेवावी. कलम २१३ : मागितल्यावर योग्य हिशेब द्यावा. कलम २१४ : अडचण आली असता मालकाशी संपर्क साधून त्याची सूचना मिळविण्याचा यथाशक्ती प्रयत्न करावा. कलम २१८ : मालकाकरिता मिळालेली रक्कम, आपले वाजवी येणे वजा करून, त्यास द्यावी. ह्यांत कलम २१४ आमच्या विषयाच्या मर्मास स्पर्श करते. अडचणीत गप्प बसणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नाही. बोलणे हेच तेथे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. आणि कलम १८९ कारभाऱ्याच्या बाजूचे आहे : आणीबाणीच्या प्रसंगी, साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूकरिता जे करील ते मालकाचे नुकसान टाळण्यासाठी करण्याचा त्यास अधिकार आहे. वादळाने पत्रे उडाले असता ‘मालकाचा फोन लागला नाही’ म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही.

तर मग, कारभारी उत्तर देत नाही अशा मालकाने कोणत्या क्रमाने वागावे?

प्रथम छप्पर, मग भांडण. घरात पाणी गळत असेल, विजेची तार उघडी पडली असेल, तर हिशेब मिटेपर्यंत भाडेकरूने भिजत बसावे हा न्याय नव्हे. भाडेकरूशी प्रत्यक्ष बोलावे, छायाचित्रे मागवावीत, गावातील गवंडी किंवा वायरमन ह्यास परभारे सांगून काम करवावे. मात्र भाडेकरूपुढे कारभाऱ्याची निंदा करू नये. त्याची बाजू अजून ऐकावयाची आहे.

दुसरे, कारभाऱ्यास एक शांत पत्र लिहावे व ते पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. त्यात शिव्या नसाव्यात, उपदेशही नसावा. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे भाडे, झालेला खर्च व पावत्या, घरपट्टी व विजेचे बिल भरल्याचा दाखला, एवढे नेमके मागावे व तारीख घालावी. ‘तुम्ही काहीच करीत नाही’ ह्या वाक्यास उत्तर देता येत नाही; ‘जून महिन्याचे भाडे कोठे आहे?’ ह्या प्रश्नास देता येते. आणि ज्यास लाज वाटून बोलता येत नसेल त्याच्याकरिता त्याच पत्रात एक दार उघडे ठेवावे : पैसे खर्च झाले असतील तर तसे सांगावे, हप्त्याने घेऊ.

तिसरे, शक्य असेल तर स्वतः जावे. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, दूरच्या घरी जाऊन एक दिवस तेथे काढणे हे मालकीचे भाडे आहे असे समजावे. ज्यास जाता येत नाही त्याने विश्वासू मनुष्य पाठवावा. समोरासमोर बसल्यावर जे अर्ध्या तासात उलगडते ते शंभर निरोपांनी उलगडत नाही.

चौथे, इतके करूनही उत्तर न आल्यास कारभार काढून घ्यावा. येथे फार सावधपणा पाहिजे. कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे अधिकार काढून घेताना वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते. आणि कलम २०८ प्रमाणे कारभाऱ्याचा अधिकार संपल्याचे त्यास कळेपर्यंत त्याच्यापुरता, व इतर लोकांस कळेपर्यंत त्यांच्यापुरता, तो संपत नाही. कायद्यातच ह्याचे एक उदाहरण दिले आहे. मद्रासचा एक मनुष्य मुंबईच्या वखारीतील आपला कापूस विकण्यास कारभाऱ्यास पत्राने सांगतो, आणि नंतर दुसऱ्या पत्राने ते रद्द करतो. दुसरे पत्र मिळाल्यावरही कारभारी कापूस विकतो. गिऱ्हाइकास पहिले पत्र ठाऊक असते, दुसरे नसते. ते पैसे देते, व कारभारी पैसे घेऊन पळतो. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे मालकास पोहोचलेच असे कायदा धरतो. ह्याचा अर्थ उघड आहे : कारभाऱ्यास काढल्याचे भाडेकरूस त्याच दिवशी लेखी कळवावे. न कळविल्यास भाडेकरू जुन्या कारभाऱ्याच्या हाती भाडे देत राहील, आणि ते त्याच्याकडून पुन्हा मागण्याचा मालकास हक्क राहणार नाही. कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर तेही रीतसर रद्द करावे, आणि किल्ल्या, करार, अनामत रकमेचा हिशेब परत घ्यावा.

पाचवे, येणे मोठे असेल तर वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा. कारण अशा दाव्यांस १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने साधारणतः ३ वर्षांची मर्यादा घातली आहे. ‘नात्यातला आहे, देईल कधी तरी’ असे म्हणता म्हणता ती निघून जाते, व मग मनात फक्त कडवटपणा उरतो.

येथे कोणी धर्मशील वाचक विचारील : ‘आपणांस क्षमा करावयास सांगितले आहे, मग कारभाऱ्यास काढणे व दाव्याची भाषा बोलणे शोभते काय?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्यास उत्तर दिलेच पाहिजे. आम्ही म्हणतो, क्षमा अवश्य करावी. पण मनुष्यास क्षमा करता येते ती स्वतःच्या नुकसानीची. तीन महिन्यांचे भाडे गेले, ते मालकाचे होते. त्याने सोडून दिले तर ते औदार्य होय. परंतु ज्या खोलीत भाडेकरूचे मूल ओलीमुळे खोकत आहे, त्या ओलीची क्षमा मालकाने कोणाच्या वतीने करावी? भाडेकरूच्या सोसण्यावर आपण दयाळू म्हणवून घेणे हे औदार्य नव्हे. म्हणून ऋण माफ करणे व काम काढून घेणे ह्या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, आणि पुष्कळदा एकाच वेळी केल्या पाहिजेत. पुतण्यास म्हणावे : ‘बाळा, मागचे मी सोडले, पण ह्यापुढे घर दुसरा पाहील.’ नाते त्याने तुटत नाही. नाते तुटते ते दहा वर्षे मनात हिशेब ठेवून तोंडाने गोड बोलण्याने.

ह्याहून बरे हे, की आरंभच नीट करावा. एका कागदावर लिहावे : भाडे कोणत्या तारखेपर्यंत पाठवावयाचे, मोबदला किती, किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करावयाचा, दर तीन महिन्यांनी हिशेब व घराची छायाचित्रे, आणि आठ दिवसांत उत्तर न आल्यास भाडेकरूने मालकास परभारे कळवावे. मालकाचा पत्ता भाडेकरूजवळ असणे ही सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त तरतूद होय. कित्येक कारभारी तो मुद्दाम देत नाहीत. आणि कित्येक मालकांसही तो दिलेला नको असतो, कारण तक्रार ऐकली म्हणजे खर्च आला. अशा ठिकाणी कारभाऱ्याचे मौन दोघांच्याही सोयीचे असते, व त्याची किंमत तिसरा भरतो.

आमच्या वाचकांत जे स्वतः दुसऱ्याची वस्तू सांभाळतात त्यांस दोन शब्द. वाईट बातमी लवकर द्या. ‘भाडे माझ्याकडून खर्च झाले’ हे वाक्य जड आहे, पण ते पहिल्या महिन्यात जितके हलके असते तितके पुन्हा कधी होत नाही. काम झेपत नसेल तर ‘झेपत नाही’ म्हणा. नकार देण्यात अपमान नाही, होकार देऊन गप्प बसण्यात आहे. घराची पेटी व स्वतःची पेटी एक करू नका, आणि खर्च केला त्याच दिवशी वहीत लिहा, मग तो झाडूचा का असेना. आणि भाडेकरूंस एक शब्द : तक्रार तोंडी करून थांबू नका, तारीख घालून लिहा, त्याची प्रत ठेवा, आणि भाड्याची पावती मागा. ती देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

वाचकहो, माणूस दूर गेला म्हणून त्याचे कर्तव्य दूर जात नाही. ते त्याच छपराखाली त्याची वाट पाहत राहते. तीनशे मैलांवरून भाडे पोहोचते, तर तीनशे मैलांवरून काळजीही पोहोचली पाहिजे. पावसाळा जवळ येत आहे. ज्यांचे घर दूर आहे त्यांनी ह्याच आठवड्यात भाडेकरूस विचारावे : छप्पर कसे आहे?